बाथ ते रीडिंग, नॅरोबोटने, एका आठवड्यात? मैल सोडा, लॉक मोजा

नमस्कार. प्रश्न दोनदा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की जुलैमध्ये आठवडाभर सुट्टी आहे, तुम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांचे बाबा, इंग्लंडमधल्या बाथला नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची लांब, अरुंद बोट, भाड्याने घ्यायची आणि केनेट अँड एव्हन कॅनॉलने रीडिंग गाठायचं. अंतर ७५ मैल, बोटीचा स्पीड ताशी ४ मैल, म्हणजे रोज पावणेतीन तास बोट चालवली की झालं, उरलेला वेळ आराम. बोट कुणीच चालवलेली नाही, लायसन्स लागतं का, आणि आयुष्यभर पंपांवर काम केलेले बाबा आठवडाभर त्या बोटीत करतील काय.

तुमचा गुणाकार-भागाकार बरोबर आहे हो, पण मोजायचं होतं एक आणि तुम्ही मोजलंत भलतंच. कॅनॉलवर वेळ मैलांत जात नाही, लॉकमध्ये जातो. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना गेट असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात. मी गेली अठरा वर्षं या पाण्यावर आहे, एका नॅरोबोटीत माझा पाचवा हिस्सा आहे आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एक दिवस लॉकवर व्हॉलंटिअर म्हणून उभा असतो, आणि दर सीझनला तुमच्यासारखी दोन-तीन कुटुंबं तरी भेटतात, बुधवारी संध्याकाळी, घामाघूम, नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत, पोरं रडकुंडीला आलेली, कारण गूगल मॅपवर बघून ठरवलेल्या अंतराचा निम्मा भागसुद्धा झालेला नसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे बघू. बोटवाले लोक एक सोपा हिशेब करतात, एक लॉक म्हणजे एक मैल धरायचा, दोन्हींची बेरीज करायची आणि तिनाने भागायचं, येतील तितके तास. बाथ ते रीडिंग ७५ मैल आणि जवळजवळ १०० लॉक. बेरीज १७५, भागिले तीन म्हणजे अठ्ठावन्न तास. आता आठवडा म्हणजे सात दिवस धरू नका, बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी दुपारी बोट ताब्यात मिळते आणि शेवटच्या दिवशी सकाळी नऊला परत द्यायची असते, हातात उरतात सहा दिवस. रोज साडेनऊ-दहा तास! तेही अनुभवी लोकांच्या वेगाने, नवख्यांना पहिले दोन दिवस एकेका लॉकला अर्धा तास लागतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बहुतेक हायर कंपन्या बोट जिथून नेली तिथेच परत मागतात, त्यामुळे रीडिंगला उतरून ट्रेनने घरी हा बेत तसाही अवघडच आहे.

ताशी ४ मैल ही कमाल मर्यादा आहे, चालायचा वेग नाही. प्रत्यक्षात अडीच-तीन मैल पडतो, आणि काठाला बोटी लागलेल्या असल्या की त्याहून कमी. टोपाथवरून, म्हणजे काठच्या पायवाटेवरून, चालणारी आजी कुत्र्यासकट तुम्हाला ओव्हरटेक करून जाईल, मनाची तयारी ठेवा.

आता इतके लॉक का आहेत ते समजलं तर पुढचं प्लॅनिंग आपोआप सुटतं. कालवा म्हणजे नदी नाही, तो पायऱ्यापायऱ्यांनी डोंगर चढणारा पाण्याचा रस्ता आहे. पूर्वेला केनेट नदी १७२३ मध्ये न्यूबरीपर्यंत आणि पश्चिमेला एव्हन नदी १७२७ मध्ये बाथपर्यंत बोटींसाठी तयार झाली होती, मधल्या ५७ मैलांत मात्र टेकड्या. तो मधला तुकडा जॉन रेनी या इंजिनिअरने बांधला आणि १८१० मध्ये ब्रिस्टल ते रीडिंग सलग ८७ मैलांचा जलमार्ग सुरू झाला. सॉमरसेटचा कोळसा, बाथचा दगड, धान्य, सगळं यावरून जायचं. मजा तीसच वर्षं टिकली, १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे सुरू झाली आणि १८५२ मध्ये त्याच रेल्वे कंपनीने कालवा विकत घेतला, म्हणजे स्पर्धकाच्याच हातात गेला, पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. १९५१ नंतर एक बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ शकत नव्हती. सरकार कायमचं बंद करायला निघालं तेव्हा लोकांनी वीस हजारांवर सह्यांचा अर्ज १९५६ मध्ये चक्क पाण्यावरून लंडनला नेला. मग व्हॉलंटिअर लोकांनी पंचवीस-तीस वर्षं चिखल उपसला, गेट बदलले, आणि ८ ऑगस्ट १९९० रोजी राणीच्या हस्ते कालवा परत सुरू झाला. आज मालाची वाहतूक नाही, सगळं हौसेचं बोटिंग.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे पाणी. माथ्यावरचा सपाट तुकडा जेमतेम दोन मैलांचा आहे आणि तिथून कुठल्याही बाजूला बोट उतरली की एक लॉकभर पाणी तिच्याबरोबर खाली जातं. हे लॉक रुंद आहेत, साधारण २२ मीटर लांब, चार मीटरच्या वर रुंद आणि अडीच मीटरच्या आसपास चढ, तुम्हीच गुणून बघा, एका वेळेला दोन लाख लिटरच्या वर पाणी. रेनीची अडचण अशी की माथ्याला पुरेल असं पाणी माथ्यावर नव्हतंच, होतं ते चाळीस फूट खाली. म्हणून क्रॉफ्टनला वाफेचे पंप बसवले. त्यातलं १८१२ चं बोल्टन अँड वॉटचं इंजिन आजही वाफेवर चालवून दाखवतात, त्याच जागी तेच काम. रोजचं पाणी मात्र आता विजेचे पंप उचलतात. कोरडा उन्हाळा असला की वरच्या बाजूच्या लॉकवर वेळेची बंधनं येतात, कधी बंदही ठेवतात. त्यामुळे बुकिंग करायच्या आधी आणि निघायच्या आदल्या दिवशी कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या साइटवर स्टॉपेज, म्हणजे कुठला भाग बंद आहे ते, बघा. आणि लॉकपाशी मागून दुसरी बोट येताना दिसली तर थांबा, दोन नॅरोबोटी शेजारी-शेजारी मावतात, पाणी निम्मं लागतं आणि ढकलायला चार हात जास्त मिळतात.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मी इथे बसून सांगू शकत नाही. पाऊस किती झालाय, बाबांचे गुडघे कसे आहेत, तुमच्यापैकी लॉकवर खरंच काम करणारे किती. लॉकला किमान दोन धडधाकट माणसं जमिनीवर आणि एक टिलरवर, म्हणजे बोट वळवायच्या मागच्या दांड्यावर, लागतो. तुमच्याकडे जमिनीवर तुम्ही दोघं, म्हणजे टिलरवर बाबा. हे मी गमतीने म्हणत नाहीये, त्याच्याकडे येतो.

माझा सल्ला असा की बाथ-रीडिंग विसरा आणि ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनच्या आसपासहून बोट घ्या. तिथून बाथच्या दिशेने साधारण दहा मैल एकही लॉक नाही. हो, एकही नाही. पहिले दोन दिवस नुसतं वळायला, थांबायला, बांधायला शिका. वाटेत एव्हनक्लिफ आणि डंडास असे दोन दगडी जलसेतू लागतात, म्हणजे बोट पुलावरून जाते आणि खाली नदी, दोन्ही पुलांखाली नदीबरोबर रेल्वेही. या दोन्हींच्या मधला लिंपली स्टोकचा तुकडा डोंगराच्या कुशीत आहे, जमीन सरकायची आणि पाणी झिरपून जायचं, पन्नासच्या दशकात तर तो कोरडा ठणठणीत पडला होता, पुढे सत्तरच्या दशकात तळाला काँक्रीट घालून परत भरला. आज वरून जाताना काही कळत नाही. बाथला पोहोचलात की शहराच्या वरच बोट बांधा, खाली नदीत उतरणारे सहा लॉक आहेत आणि त्यातला एक एकोणीस फुटांहून जास्त खोल आहे, त्यात नवख्यांनी पहिल्याच आठवड्यात जाऊ नये. चालत गेलात तर शहर पंधरा-वीस मिनिटांवर.

मग परत फिरा आणि उरलेले दिवस पूर्वेला. ब्रॅडफर्डला एक लॉक, सेमिंग्टनला दोन, सींडला पाच, असे हळूहळू वाढत जातात, मध्ये हाताने फिरवायचे पूल आहेत, मुलीला ते फार आवडतील. असं करत केन हिलच्या पायथ्याशी या आणि तिथे थांबा. वर डिव्हायझेसपर्यंत २९ लॉक आहेत, दोन मैलांत ७२ मीटरचा चढ, त्यातले १६ तर सरळ रेषेत एकावर एक, खालून बघितलं की काळे-पांढरे गेट जिन्यासारखे दिसतात. चढ इतका तीव्र की दोन लॉकच्या मध्ये पाणी साठवायला जागाच उरली नाही, म्हणून प्रत्येकाच्या बाजूला आडवं तळं काढलंय. याला पाउंड म्हणतात, पैशाचा पाउंड नव्हे, दोन लॉकमधल्या पाण्याला पाउंडच म्हणतात. अख्खा जिना चढायला पाच-सहा तास लागतात आणि पुन्हा उतरायला तितकेच. तुम्ही तो पायी चढा, दुसऱ्यांना घाम गाळताना बघा, कुणाचं एखादं गेट ढकलून द्या. ज्याला हा जिना बोटीने करायचाय त्याने पुढच्या वर्षी यावं, आणि बरोबर दोन भाचे आणावेत.

आता लॉक. हायर कंपनीचा माणूस निघताना तासभर समजावून सांगतो, पण तेव्हा तुमचं अर्धं लक्ष फ्रिज कुठेय आणि टॉयलेट कसं चालतं यात असतं, म्हणून दोन गोष्टी माझ्याकडून पक्क्या ठेवा. वर जाताना रिकाम्या लॉकमध्ये शिरायचं, मागचे गेट लावायचे, मग पुढच्या गेटची पॅडल, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, विंडलसने उघडायच्या. हळू, आधी निम्म्या. घाईने पूर्ण उघडल्या तर पाणी असं उसळतं की सोळा टनांची बोट पुढेमागे आपटते. विंडलस म्हणजे ते एल आकाराचं लोखंडी हँडल, ते दांडीवर अडकवून सोडून जाऊ नका, खटका सुटला तर गरगर फिरून हात मोडतं. आणि एकतरी पाण्यात पडणारच, दोन घ्या.

खाली उतरताना धोका वेगळा. वरच्या गेटच्या आतल्या बाजूला पाण्याखाली एक दगडी उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात. लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही. काठावर पांढरी खूण असते, बोटीचा मागचा भाग त्या खुणेच्या पुढेच ठेवायचा. माझ्या दुसऱ्याच वर्षी मी टिलरवर उभा राहून शेजारच्या बोटवाल्याशी गप्पा मारत होतो, बोट कधी दोन फूट मागे सरकली कळलंच नाही. पाणी उतरायला लागलं आणि आधी आतून किटली घसरल्याचा आवाज आला, मग कप, मग माझ्या लक्षात आलं की मी हळूहळू वर चाललोय आणि बोटीचं नाक खाली. मागचं टोक सिलवर टेकलं होतं. मेहुणा पॅडलपाशीच उभा होता, मी ओरडल्याबरोबर त्याने खाड्कन पॅडल पाडलं, पाणी थांबलं, मग वरच्या बाजूने परत पाणी सोडून बोट तरंगवली. तो जागचा हलला असता, फोटो काढायला गेला असता, तर बोट बुडाली असती, दरवर्षी अशा बोटी बुडतात. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की पाणी हलत असताना पॅडलवाल्याने टिलरवाल्याकडेच बघायचं आणि कुणी कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत. उतरताना दोर खुंटीला गाठ मारून बांधायचा नाही हेही त्यातच आलं, एक वेढा द्यायचा आणि हातात धरून सैल सोडत राहायचं, बांधलात तर बोट दोराला लटकते. हाताला मात्र गुंडाळायचा नाही.

स्टिअरिंग त्यापेक्षा सोपं आहे. टिलर डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे वळते, अर्ध्या तासात हाताला कळतं. कळत नाही ते हे की साठ फुटी बोट मधोमध फिरते, म्हणजे नाक उजवीकडे गेलं की शेपटी डावीकडे जाते, पुलाखाली नवखे लोक तिथेच घासतात. ब्रेक नाहीत, रिव्हर्स टाकायचा आणि वाट बघायची. समोरून बोट आली तर उजवीकडून जायचं, रस्त्याच्या उलट. काठाला बोट आपटणार असं वाटलं तर आपटू द्या! पाय किंवा हात मध्ये घालून थांबवायला जाऊ नका, बोटीला ओरखडा पडेल, तुमचा पाय मोडेल. मुलीला हे पहिल्या दिवशीच सांगा, तिला लाइफ जॅकेट पूर्ण वेळ घाला, आणि कुणी पाण्यात पडलं तर सगळ्यात आधी गिअर न्यूट्रल, बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा थांबला पाहिजे. बहुतेक ठिकाणी पाणी कमरे-छातीएवढंच असतं, पडलेला माणूस उभा राहू शकतो, लॉकमध्ये मात्र नाही.

वळवायचं कुठेही जमत नाही, बोट कालव्यापेक्षा लांब असते. त्यासाठी ठराविक रुंद जागा असतात, नकाशात त्यांची खूण असते, त्या आदल्या रात्री बघून ठेवा, नाहीतर चुकलेलं वळण दोन-तीन मैल पुढे जाऊन सुधारावं लागतं.

बाथकडच्या या पट्ट्यात एक गोष्ट तुम्हाला खटकेल, काठाला ओळीने बोटी लागलेल्या, मैलच्या मैल, त्यात लोक बारा महिने राहतात. घरभाडं परवडत नाही म्हणूनही राहतात आणि आवडतं म्हणूनही. ज्यांची स्वतःची कायमची जागा नाही त्यांना कायद्याने चौदा दिवसांच्या वर एका ठिकाणी राहता येत नाही, ते सरकत असतात. त्यांच्या शेजारून जाताना इंजिन अगदी मंद करा, नाहीतर तुमच्या लाटेने त्यांचे खुंटे उपटून निघतात आणि आतून कुणीतरी हातात चहाचा कप घेऊन ओरडत बाहेर येतो. तो ओरडतो ते बरोबरच असतं. रात्री आठनंतर इंजिन चालू ठेवायचं नाही, अंधारात बोट हलवायची नाही.

लायसन्स, कॅनॉलवर भाड्याच्या बोटीला चालवणाऱ्याचं लायसन्स लागत नाही. बोटीचं लायसन्स आणि इन्शुरन्स कंपनीचा. नदीतला धोका मात्र वेगळा आहे, बाथच्या खाली आणि न्यूबरी ते रीडिंग या भागात बराचसा मार्ग खऱ्या नदीतून जातो, पावसानंतर ओढ वाढते आणि लॉकपाशी लाल बोर्ड लागतात, लाल म्हणजे जायचं नाही. हे आणखी एक कारण रीडिंगला न जायचं.

आता बाबा. गेट ढकलणं त्यांना देऊ नका, लॉकची शिडी चढणं तर नाहीच. पण टिलर त्यांचाच. एकाच जागी उभं राहायचं, थकले तर मागे स्टूल चालतं, घाई नाही, आणि आयुष्यभर मशीन चालवलेल्या माणसाला इंजिनचा आवाज कळतो. पंख्यात प्लास्टिकची पिशवी किंवा दोर अडकला की आवाज जड होतो आणि धूर काळा येतो, आमच्या बोटीवर हे कायम सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी ऐकू आलंय. मग इंजिन बंद करून, किल्ली काढून खिशात घालून, मागचं झाकण उघडायचं आणि हात घालून ते काढायचं, हे काम तुमचं.

आणि डंडासच्या जवळच क्लॅव्हर्टनला अर्धा दिवस ठेवा. तिथे १८१३ चा रेनीचाच पंप आहे, कोळसा नाही, वीज नाही. एव्हन नदीचं पाणी चोवीस फूट रुंद लाकडी चाक फिरवतं, ते चाक दोन मोठ्या तुळया वरखाली हलवतं आणि त्या तुळया नदीचंच थोडं पाणी ४८ फूट वर कालव्यात नेऊन टाकतात. म्हणजे नदीच नदीला उचलते. १९५२ मध्ये तो थांबला, नंतर व्हॉलंटिअर लोकांनी दुरुस्त केला, आता वर्षातल्या ठराविक दिवशी चालवून दाखवतात, तारखा आधी बघा आणि शक्य असेल तर बोटीचा आठवडा त्यावरून ठरवा. बाबांना तिथल्या एखाद्या व्हॉलंटिअरशेजारी उभं करा, बहुतेक त्यांच्याच वयाचे असतात, आणि तुम्ही मुलीला घेऊन नदीकाठी जाऊन या. लवकर परत येऊ नका, बाबा वॉशर-व्हॉल्व्हवर बोलत असतील, निघणार नाहीत.

तुमचा आठवडा नक्की झाला की इथेच तारीख लिहा, त्या वेळचे स्टॉपेज बघून सांगतो.